आत बसणारं दार

पेचकस उजवीकडे फिरवला की दार डावीकडे सरकतं.

लग्नाच्या एका फोटोत दोन नवरदेव शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एक नवरदेव कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. दुसरा पहिल्याच्या बुटांकडे बघतोय.

चौकटची दुक्की. कोपरे झिजून गोल झालेले, पाठीवरची नक्षी पुसून गेलेली. जोडातले बाकीचे पत्ते कुठे गेले, देव जाणे.

"तुमचं दार वाजतच नाही हो! दार आहे की मांजर?" एक बाई कौतुकाने म्हणाल्या. त्याला नाही. दुसऱ्याला.

"बाबा, एक सांगायचंय. आधी बसा तरी."

तो बसला नाही. हातातली फळी भिंतीला टेकवून तसाच उभा राहिला. लेक 'आधी बसा' म्हणते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. ती त्याच्या शेडमध्ये आली होती, नव्या चपला भुशात बुडवून उभी होती. तिला आणि जावयाला नुकतं नवं घर मिळालं होतं. तिथलं स्वयंपाकघर अजून म्हणजे नुसत्या भिंती. त्या भिंती त्याने, म्हणजे सगळे ज्याला पत्तेवाला म्हणत त्याने, मनातल्या मनात केव्हाच भरून टाकल्या होत्या. चौकट किती जाड, दारं किती, मसाल्याच्या डब्यांना कुठला कप्पा, सगळं ठरलं होतं. बायको म्हणायची, हल्ली हे झोपेतसुद्धा रंधा मारतात.

"काय झालं?"

"स्वयंपाकघराची कपाटं…"

"हां. लाकूड काढून ठेवलंय. चांगलं सुकलंय. तू फक्त रंग सांग."

"काकांना सांगितलंय, बाबा."

"कुठल्या काकांना?"

"मावशीच्या. म्हणजे आपल्या काकांना."

त्या 'आपल्या'वर तो क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "बरं केलंस." आणि फळी उचलून तिच्यावर रंधा मारायला लागला. फळी आधीच गुळगुळीत होती.

"रागावलात?"

"मी? कशाला? माझ्यामागे कामं काय कमी आहेत?" त्याच्यामागे तेव्हा शेजाऱ्यांचं एक डुगडुगणारं स्टूल होतं.

"आणि त्यांना सांगितलंय, दारं आपल्या घरच्यासारखी पाहिजेत. चौकटीच्या आत बसणारी. वरून झाकणारी नकोत."

हे तिने त्याचं मन राखायला सांगितलं होतं. नुसतं 'काकांना सांगितलंय' एवढ्यावर थांबली असती तर त्याने तेही पचवलं असतं. पण दार त्याचं हवं आणि तो नको, हे काही घशाखाली उतरेना. लेक गेली. रंध्याखालून पातळ सालं निघत राहिली. शेवटी फळीचं काहीच करता येईना, इतकी ती बारीक झाली.

*

आता दाराविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर या माणसाची जळजळ कळायची नाही.

कपाटाचं दार दोन तऱ्हांनी बसतं. एक म्हणजे चौकटीवर चढून, डब्यावर झाकण बसावं तसं. आतली चौकट वाकडी असो, मापात फरक पडलेला असो, दार सगळं पोटात घालतं. दुसरी तऱ्हा म्हणजे चौकटीच्या आत. समोरून पाहिलं तर दार आणि चौकट एका पातळीत, आणि दोहोंमध्ये चारही बाजूंनी एक बारीक फट. ती फट सगळ्या जगाला दिसते. वर बारीक आणि खाली रुंद झाली, की दार कितीही देखणं असो, माणूस त्या फटीकडेच बघत बसतो.

पत्तेवाला आयुष्यभर ही दुसऱ्या तऱ्हेची दारं करत आला. पितळी बिजागरी, दोन पात्यांची. एक पाती दाराच्या कडेत, एक चौकटीत, आणि दोन्हीकडे पटाशीने खाच काढायची, पातीच्या जाडीएवढीच. खोल गेली तर दार अडतं, उथळ राहिली तर फट वाढते, आणि एकदा काढलेलं लाकूड काही परत येत नाही. सगळं झालं की खिशातला खेळायचा पत्ता फटीत घालून चारी बाजूंनी फिरवायचा. कुठे अडला नाही, कुठे सैल पडला नाही, तर दार पास. त्याचं नाव पडलं ते यावरून. नवे शेजारी त्याच्या बायकोला हळूच विचारत, "रोज खेळतात का हो?"

"रोज," ती म्हणे. "आणि तेही एकटेच."

साडूची बिजागरी निराळी. दाराच्या पाठीमागे ड्रिलने गोल खड्डा पाडायचा, त्यात बिजागरीची वाटी बसवायची आणि तिचा लोखंडी हात आत, कपाटाच्या भिंतीला स्क्रूने अडकवायचा. बाहेरून काहीही दिसत नाही. शिवाय त्या हातावर जादा स्क्रू असतात. एक फिरवला की मिटलेलं दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसरा फिरवला की आत-बाहेर, तिसऱ्याने वर-खाली. चुकलं? चुकू दे. पेचकस घ्या, फिरवा, झालं. आणखी म्हणजे दार सोडून दिलं तरी शेवटी आपोआप दमाने मिटतं.

पत्तेवाला तिला 'माफीची बिजागरी' म्हणायचा. म्हणताना नाक मुरडायचा.

*

खरं म्हणजे पोटदुखी बिजागरीच्या आधीची होती.

दोन बहिणींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात झाली. थोरलीचा नवरा सुतार, धाकटीचा रेडिओ दुरुस्त करणारा. सासरी गेले की सासरे सुताराला विचारत, "काय, काम बरं चाललंय?" आणि उत्तर यायच्या आत रेडिओवाल्याकडे वळत, "हां, मग पुढे काय झालं सांग." रेडिओवाल्याकडे कायम काहीतरी 'पुढे' असायचं. पुढे रेडिओ गेले, टीव्ही गेले, आणि एक दिवस साडू गाडीवर स्वतःचा हसरा फोटो लावून स्वयंपाकघरं बनवायला लागला.

"लाकडातलं याला काय कळतं?" पत्तेवाला बायकोला म्हणाला.

"तुम्हाला कुठे माणसांतलं कळतं? चाललंय ना तुमचं?" बायको म्हणाली.

फळ्या कारखान्यातून कापून यायच्या. साडू शीळ घालत जोडायचा, घरातल्या आजोबांची चेष्टा करायचा, पोरांना ड्रिल धरून दाखवायचा. आठवडाभरात स्वयंपाकघर उभं. लोक साडूला विचारत, "चहा घेणार का?" आणि पत्तेवाल्याला विचारत, "कधी होणार?"

एका गोष्टीत मात्र साडूचा हात पोचणार नव्हता, अशी पत्तेवाल्याची खात्री होती. ती म्हणजे लेक. लहानपणी ती शाळेतून आली की शेडमध्ये पालथ्या खोक्यावर बसायची. नुकती बेरीज-गुणाकार शिकली होती. फुलीच्या स्क्रूची फुली उभी-आडवी थांबली तर ती म्हणायची 'अधिक', तिरकी थांबली तर 'गुणिले'.

"बाबा, गुणिले राहिला!"

मग तो पेचकस पुन्हा लावून केसभर फिरवायचा, आणि फुली सरळ करायचा. दाराला याने काडीचा फरक पडत नसे. गिऱ्हाइकाला ते दिसतही नसे. पण ती मोठी झाली, यायची बंद झाली, तरी त्याच्या हातून तिरका स्क्रू कधी सुटला नाही. लाकडात कुठेही असो, फुली सरळ. तो आता तिकडे बघतही नव्हता. बोटंच काय ते करायची.

*

नव्या घरात जेवायला बोलावलं त्या दुपारी तो सगळ्यांच्या शेवटी पोचला. बाहेरच्या खोलीत मंडळी जमली होती, म्हणजे बायको, मेहुणी, जावई आणि मधोमध साडू. लेक त्याच्याच खुर्चीच्या हातावर टेकली होती.

"या या, साडूभाऊ!" साडू ओरडला. "परीक्षक आले. आता आमचं काही खरं नाही."

"कसली परीक्षा? मी जेवायला आलोय."

"भाऊजी, पत्ता आणलाय ना?" मेहुणीने डोळे मिचकावले. "की आज सुट्टी?"

सगळे हसले. लेकही हसली. तो म्हणाला, "जरा पाणी पितो," आणि आत गेला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. खिडकीतून सरळ उजेड पडत होता, आणि त्या उजेडात भिंतभर दारं. फिकट राखाडी रंगाची, चौकटीच्या आत बसलेली. त्याने पाणी घेतलं नाही. आधी लांबून बघितलं, मग जवळून. मग खिशातून दुक्की काढून पहिल्या दाराच्या फटीत घातली आणि वरून खाली ओढली.

अडली नाही.

खालची बाजू फिरवली, वरची फिरवली. दुसरं दार. तिसरं. तो वाट बघत होता, कुठेतरी अडेल, निदान कुठेतरी ढिली पडेल. दात दुखत नसतानाही जीभ दाढेत घालत राहावं, तसा तो शोधत राहिला. पत्ता लोण्यातून जावा तसा गेला. त्याने स्वतः केली असती तरी याहून बरी झाली नसती. आणि साडूने ही आठवडाभरात केली होती, शीळ घालत, मध्येमध्ये चहा पीत.

त्याने एक दार उघडून आत डोकावून पाहिलं. बिजागरीवरचे स्क्रू हवे तसे थांबलेले, सगळे तिरके. मशिनने दाबले आणि सोडून दिले. त्याला क्षणभर बरं वाटलं. पण दार सोडलं, तर ते दमाने, बिनआवाज मिटलं, आणि ते बरं वाटणंही त्याच्याबरोबर मिटलं.

तेवढ्यात बाहेरून लेकीचं हसणं आलं. "अहो काका, तुम्ही म्हणजे ना!"

तेवढंच. पण या सुरात ती कधी 'बाबा, तुम्ही म्हणजे ना' म्हणाली होती का? तो आठवायला लागला. आठवेना.

पेचकस त्याच्या खिशात असायचाच, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तसा. ताटांच्या कपाटाचं दार त्याने पुन्हा उघडलं. वरच्या बिजागरीचा स्क्रू फिरवला. दार चौकटीकडे सरकलं. आणखी फिरवला. खालचाही फिरवला. दार लावून बघितलं, शेवटच्या बोटभर अंतरात ते कर्र करून चौकटीत रुतलं. हवं होतं तसंच. त्याने पेचकस खिशात टाकला, पेलाभर पाणी प्यायला आणि बाहेर येऊन बसला.

"कसं वाटलं, बाबा?" जावयाने विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला.

*

पानं मांडायची वेळ झाली. लेक ताटं काढायला आत गेली, तिच्या मागे दोघी बहिणी, आणि भूक लागली म्हणून पुरुषही दारात येऊन उभे राहिले.

लेकीने दार ओढलं. येईना. तिने दोन्ही हातांनी ओढलं. दार किंचाळत सुटलं, आणि कडेचा नखाएवढा रंगाचा टवका उडून ओट्यावर पडला.

"अगंबाई!" मेहुणी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, "अहो, ही काय तुमची दारं! परक्यांकडे करता ते करता, पोरीच्या घरी तरी धड करायचं!"

"काल तर नीट होतं," लेक म्हणाली.

"नवीन आहे, बसेल हळूहळू," जावई म्हणाला.

साडूचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत पत्तेवाल्याने ते कधी पाहिलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोला, त्याला गार वाटलं. उन्हातून येऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यावं, तसं गार. न राहवून तो म्हणाला, "आत बसणारं दार आहे, साडूभाऊ. झाकण नव्हे."

हत्यारांच्या पिशवीतून पेचकस आणून साडू गुडघ्यावर बसला. दार उघडलं. आत पाहिलं. आणि पाहतच राहिला.

मग त्याने शेजारचं दार उघडून आत पाहिलं. पुन्हा पहिल्यात पाहिलं. शेजारच्या दारातले सगळे स्क्रू तिरके होते, त्याने मशिनने सोडले होते तसेच. या दाराच्या वरच्या बिजागरीवरचा एकूण एक स्क्रू सरळ होता. खालच्याही. फिरवायचा होता तो तर होताच, पण आजूबाजूचे, ज्यांना हात लावायचं काही कारण नव्हतं, तेही. सगळे अधिक. एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे उभे.

आपल्या बोटांनी काय करून ठेवलं, ते पत्तेवाल्याला आत्ता दिसत होतं.

साडूने मान वर केली नाही. "चूक माझीच," तो म्हणाला. "घाईत हा स्क्रू जास्त फिरला. सकाळी बघितलं असतं तर…" त्याने वर-खाली थोडं फिरवलं, दार लावलं. बिनआवाज मिटलं. एवढ्यात काम झालं होतं. पण त्याने दार परत उघडलं, पेचकस एकेका स्क्रूला लावला आणि सगळे केसभर फिरवून तिरके करून टाकले.

"आता कशाला खुडबुडताय? जेवायचं आहे ना!" मेहुणी म्हणाली.

"आवळतोय," साडू म्हणाला.

लेक त्याच्या मागेच उभी होती, ताटं छातीशी धरून. तिची नजर बिजागरीवर होती. मग ती वळली आणि तिने बापाकडे पाहिलं. रागाने नाही. पाहुण्यांकडे ओळख पटेपर्यंत पाहावं, तसं.

*

हे तो बोलला नाही:

की त्याने माफी मागितली नव्हती, कुणाला द्यायलाही सांगितली नव्हती.

की साडूने चारचौघांत ओरडून सांगितलं असतं, 'हे बघा, हे याचं काम', तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

की याही बाबतीत तो माणूस वरचढ निघाला.

*

जेवणं झाली. बाहेर गप्पा रंगल्या. पत्तेवाला आत आला तेव्हा लेक ताटं विसळत होती. तो ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "टवका उडालाय तिथे रंग लावावा लागेल."

"काका लावतील."

नळ वाहत होता. तिने तो बंद केला.

"बाबा, अधिक होते."

त्याने ओट्यावर पडलेला टवका नखाने उचलला.

"तुम्ही मला का नाही विचारलंत, मी काकांना का सांगितलं ते?"

"त्यांचं लवकर होतं."

"हो. तेही आहेच." तिने ताट पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "काका दारं बसवत होते ना, तेव्हा मी इथे बसायचे. काय काय बोलायचो आम्ही. यांच्या नोकरीचं, माझं, मला झोप लागत नाही त्याचं. तुमच्यापाशी पण बसायचे की मी लहानपणी. तुम्ही काय बोलायचात, आठवतंय?"

"काय?"

"'बाजूला हो, उजेड अडतोय.'"

"ते… खाच काढताना उजेड लागतो गं."

"लागतो ना. मी कुठे नाही म्हणते?" ती हसली. पण काकांजवळ हसली होती ते हसू निराळं होतं, हे त्याला कळलं. "म्हणून तर दारं तुमच्यासारखी करून घेतली. तुम्ही आला असतात बाबा, तर दारांसाठी आला असतात."

"तुला झोप लागत नाही?"

"आता विचारताय?"

"आता कळलं."

"मग या की एखाद्या दिवशी. पण पत्ता घरी ठेवून या."

तो हो म्हणाला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला होता. तो त्याने तिथून काढून घेतला, आणि मग त्या हाताचं काय करावं ते त्याला समजेना.

*

बहिणी लेकीला आवरू लागायला थांबल्या. साडू म्हणाला, "चला, सोडतो." नको म्हणायला पत्तेवाल्याकडे कारण नव्हतं.

खाली गाडीवर साडूचा फोटो हसत होता. खरा साडू हसत नव्हता. त्याने पुढच्या सीटवरचं ड्रिल उचलून मागे टाकलं, फडक्याने सीट झटकली. पत्तेवाला उभाच राहिला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "मघाशी…"

"बसा हो."

"तुम्ही बोलायला हवं होतं."

"काय बोलू?" साडू पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं, मला कधी वाटत नाही तसं? तिने मला बजावलं होतं, दार बाबांसारखं पाहिजे. तीन दारं काढून परत केली मी. रोज तेच ऐकत होतो. बाबांची फट अशी असते, बाबा असं करतात. वैताग आला होता." त्याने किल्ली फिरवली. "पेचकस मीही उचलला असता. बसा."

पत्तेवाला बसला. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण लगेच त्याला वाटलं, हेसुद्धा लेकीने सांगितलं ते यालाच, मला नाही.

गाडी सुरू झाली. वर लेक खिडकीत आली होती, हात हलवत होती. दोघांपैकी कुणाला, ते खालून कळत नव्हतं. साडूने काच खाली घेतली, हात बाहेर काढून जोरात हलवला. पत्तेवाल्याने त्याचा हात आत यायची वाट पाहिली. मग आपला वर केला.

लेक जन्मली त्या दुपारी तिला सगळ्यांत आधी साडूने हातात घेतलं होतं. निरोप पत्तेवाल्याला वेळेवर मिळाला होता. एका दाराची खालची बिजागरी तेवढी बसवायची राहिली होती.